मक्तेदारांचा इन्कम टॅक्स: बजेटनंतर खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत बजेट झालं की माझ्या जळगावच्या ऑफिसात फोन सुरू होतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "भाऊ, आता बारा लाखांपर्यंत काहीच नाही ना?" फोन करणारे सेंट्रिंगवाले, रंगकाम घेणारे, भुसावळला रेल्वेची छोटी कामं करणारे, रावेर-सावद्याहून केळीच्या गाड्या पाठवणारे, शिरपूर-दोंडाईच्याकडे जेसीबी चालवणारे. पगारदाराला कंपनीचा अकाउंटंट फॉर्म १६ हातात देतो, मक्तेदाराला म्हणजे कंत्राटदाराला सगळं स्वतःच बघावं लागतं. माझे वडील चाळीसगावला सेंट्रिंगचे मक्ते घ्यायचे, त्यामुळे हा त्रास मी घरातूनच बघितला आहे. खालची उत्तरं मुख्यतः १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या कमाईसाठी आहेत. २०२६ च्या बजेटनं जिथे बदल केला, तिथे तसं सांगितलं आहे.

बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?

कारण बारा लाखांचा स्लॅब कुठेच नाही. नव्या करपद्धतीत करमाफ उत्पन्न ४ लाखच आहे. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. बारा लाखांवर हिशेबानं ६०,००० रुपये कर येतो आणि तेवढीच सूट कलम ८७ए खाली मिळते, म्हणून भरायचा आकडा शून्य होतो. ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक आहे.

४ लाखांच्या आत असाल तरी सुटका नाही. वर्षाची उलाढाल ६० लाखांवर गेली, किंवा तुमच्या नावानं २५,००० रुपये किंवा त्याहून जास्त टीडीएस (पैसे देणाऱ्यानं बिलातूनच आधी कापलेला कर) कापला गेला, तर रिटर्न भरावंच लागतं.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू आणि तुमच्या खिशाचा विचार करू. समजा अमळनेरच्या एका पोटमक्तेदारानं वर्षात रस्त्याचं ४८ लाखांचं काम केलं. मोठ्या मक्तेदारानं प्रत्येक बिलातून १ टक्का कापला, म्हणजे ४८,००० रुपये सरकारकडे जमा झाले. या माणसाचा कर शून्य आहे, तेव्हा ते ४८,००० त्याचेच आहेत. ते परत येण्याची वाट रिटर्नमधूनच जाते. "आपल्याला टॅक्स लागत नाही" म्हणत जो घरी बसतो, तो स्वतःचे पैसे सोडून देतो. अशी माणसं दरवर्षी भेटतात आणि प्रत्येक वेळी मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या ४८,००० रुपयांत चार मजुरांच्या महिन्याच्या हजेऱ्या बसतात.

बारा लाख म्हणजे बिलांची बेरीज का हातात राहिलेला नफा?

नफा. लहान मक्तेदाराला नफा ठरवायला सोपी वाट आहे, ती म्हणजे कलम ४४ एडी. त्यात पावत्या-व्हाउचरांची वही मांडायची गरज नसते. जी रक्कम बँकेतून, चेकनं किंवा यूपीआयनं आली तिच्यावर किमान ६ टक्के आणि जी रोखीनं आली तिच्यावर किमान ८ टक्के नफा धरायचा. उलाढालीची मर्यादा २ कोटी. पण वर्षभरात रोखीनं आलेली रक्कम एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल, तर ३ कोटी.

वरच्या उदाहरणात ४८ लाख बँकेतून आले, तर ६ टक्क्यांनी २ लाख ८८ हजार नफा होतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ५ टक्क्यांची ही अट जमा झालेल्या रकमेवर आहे. मजुरी रोखीनं दिली म्हणून ४४ एडीची ३ कोटींची मर्यादा हातची जात नाही. पुष्कळ जण इथे उगाच घाबरतात.

मग सगळ्यांनी ६ टक्केच दाखवायचे का?

६ टक्के हा किमान आकडा आहे. खरी कमाई त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवायची, कायद्यातही तेच लिहिलं आहे. आणि यात तुमचाच फायदा आहे. जेसीबीसाठी किंवा घरासाठी बँकेत गेलात की मॅनेजर पहिलं वाक्य बोलतो, "तीन वर्षांचे रिटर्न द्या." त्यात वर्षाला २ लाख ८८ हजार दिसले तर २५ लाखांच्या मशीनचा हप्ता बसणार कसा? माझ्याकडे येणारा एक रंगकामाचा मक्तेदार बरीच वर्षं कमीत कमी नफा दाखवत आला. प्लॉट घ्यायची वेळ आली तेव्हा त्याला सावकाराकडून पैसे उचलावे लागले. ज्या कमाईवर त्याला एक रुपयाही कर लागला नसता, ती त्यानं कागदावर आणलीच नव्हती. २०२५ च्या बजेटनं नेमकी हीच अडचण सोपी केली आहे. आता ९-१० लाख खरा नफा दाखवला तरी, दुसरं उत्पन्न नसेल तर, कर शून्यच राहतो.

एकदा ४४ एडी घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत मध्येच कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षं परत आत येता येत नाही. शिवाय उत्पन्न करमाफ मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवून ऑडिट करावं लागतं.

पगारदारांना ७५,००० ची वजावट आहे, आम्हाला?

नाही. ती फक्त पगार आणि पेन्शनसाठी आहे. पगारदाराचा आकडा १२ लाख ७५ हजार, तुमचा १२ लाख. व्हॉट्सॲपवर फिरणारा १२.७५ चा आकडा धरून चालू नका.

नफा १२ लाख १० हजार झाला तर सगळाच कर अंगावर येतो का?

येत नाही. बारा लाखांच्या वर जेवढे रुपये गेले, सेस सोडून त्याहून जास्त कर लागत नाही. १२ लाख १० हजारांवर कर १०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण १०,४००. ही सवलत साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत कामाला येते. त्यापुढे स्लॅबप्रमाणे पूर्ण कर. १३ लाखांवर ७५,००० अधिक सेस.

माझी केळीची बाग आहे, मक्ताही आहे. शेती तर करमुक्त आहे ना?

हा प्रश्न खास आपल्याकडचा. यावल-रावेरपासून शहाद्यापर्यंत मक्तेदाराच्या नावावर सातबारा असतोच. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नाही, हे खरं. पण मक्त्याचा नफा ४ लाखांच्या वर आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर मक्त्यावरचा कर काढताना शेतीचा आकडा मध्ये येतो.

आकड्यांत पाहू. मक्त्याचा नफा ११ लाख, केळीचे ५ लाख. दोन्ही मिळून १६ लाखांवर कर येतो १,२०,०००. आता करमाफ ४ लाखांत शेतीचे ५ लाख मिळवा. त्या ९ लाखांवर कर येतो ३०,०००. तो वजा केला की उरले ९०,०००. सूट जास्तीत जास्त ६०,००० ची. म्हणजे ३०,००० रुपये कर आणि १,२०० सेस भरावा लागेल. नफा ११ लाख असूनसुद्धा! याच माणसाची केळी नसती तर कर शून्य होता.

दुसरी ठेच फॉर्मची. ४४ एडीवाले आयटीआर-४ भरतात, त्याला सुगम म्हणतात. पण शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर सुगम चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. सायबर कॅफेत घाईनं भरलेल्या रिटर्नमध्ये शेतीच्या रकान्यात ४,९९९ टाकलेले मी पाहिले आहेत. असं करू नका. केळीच्या विक्रीच्या पट्ट्या, खत-ठिबकची बिलं, सातबारा एका पिशवीत ठेवा आणि खरा आकडा लिहा. पुढे खात्यात मोठी रक्कम दिसली की ती शेतीची आहे हे सांगायला तोच आकडा कामाला येतो.

सरकारी कामाच्या बिलातून नेमकं काय काय कापतात? हातात येतं तेव्हा हिशेबच लागत नाही.

आरए बिलाचा (चालू कामाच्या बिलाचा) कागद समोर घ्या आणि कपातीचे रकाने एकेक करून वाचा. पहिला इन्कम टॅक्सचा टीडीएस, कलम १९४सी. तुम्ही स्वतःच्या नावानं काम करत असाल तर १ टक्का, भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. दुसरा जीएसटीचा टीडीएस, तोही २ टक्के, पण जीएसटी सोडून कामाची किंमत अडीच लाखांवर असेल तरच. तिसरा बांधकाम कामगार कल्याणाचा उपकर, १ टक्का. मग अनामत आणि गौण खनिजाची रॉयल्टी.

पहिले दोन टीडीएस तुमचेच पैसे आहेत, पण ते परत मिळायचे मार्ग वेगळे. इन्कम टॅक्सचा टीडीएस २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या ऑनलाइन उताऱ्यात, दिसतो आणि रिटर्नमधून मिळतो. जीएसटीचा टीडीएस तुमच्या जीएसटी खात्याच्या कॅश लेजरमध्ये यायला पोर्टलवर जाऊन तो मंजूर करावा लागतो. ते बटण न दाबल्यामुळे पडून राहिलेली रक्कम मी कित्येकांना दाखवली आहे.

उपकर मात्र परत येत नाही. तो टेंडर भरतानाच दरात धरायचा.

बिलात जीएसटीची रक्कम वेगळी लिहा. वेगळी लिहिली असेल तर इन्कम टॅक्सचा टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापतात.

आणि दर तीन महिन्यांनी २६एएस उघडून बघा. माझ्या वडिलांचा टीडीएस एका मुख्य मक्तेदारानं दोन वर्षं चुकीच्या पॅनवर भरला. पॅनमधलं एक अक्षर बदललं होतं, तेवढंच. वडील आपली निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन त्याच्या ऑफिसात चकरा मारायचे. वहीत छताच्या प्रत्येक स्लॅबची तारीख, बिलाची रक्कम, कापलेला रुपया, सगळं होतं. दुरुस्ती झाली ती त्या वहीमुळेच. आजही नवीन कोणी माझ्याकडे आलं की मी आधी त्याला २६एएस उघडायला शिकवतो, बाकीचं नंतर.

टीडीएसच्या मर्यादा बजेटमध्ये वाढल्या म्हणतात. आमचं कापणं थांबेल का?

मक्त्याच्या टीडीएसला त्याचा फायदा नाही. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की कापणार, ही मर्यादा तशीच आहे. १ एप्रिल २०२५ पासून वाढली ती इंजिनिअर, वकील अशा व्यावसायिकांच्या फीची. ती ३०,००० वरून ५०,००० झाली. कमिशनची १५,००० वरून २०,००० झाली.

मोठा दिलासा वेगळाच आहे. रिटर्न न भरणाऱ्याचा टीडीएस जास्त दरानं कापायची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली. पॅन दिला नाही तर २० टक्के, हे मात्र कायम आहे.

एमआयडीसीत किंवा दीपनगरच्या वीज केंद्राला मजूर पुरवणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट २०२६ च्या बजेटमध्ये झाली. मनुष्यबळ पुरवणं हे मक्त्याचंच काम धरलं जाईल आणि १ किंवा २ टक्केच कापले जातील. याआधी एखादा अकाउंटंट "ही तर सेवा" म्हणत १० टक्के कापायचा आणि मजुरांच्या पगाराचा पैसा वर्षभर अडकून पडायचा.

माझ्याही हाताखाली पोटमक्तेदार आहेत. मलाही त्यांचा टीडीएस कापावा लागतो का?

मागच्या वर्षी तुमची उलाढाल १ कोटीच्या वर होती का, ते बघा. होती तर हो. टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा) नंबर घ्या, कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरा, तिमाही विवरण द्या. आणि पॅन नीट टाका. माझ्या वडिलांचं काय झालं ते वर सांगितलंच.

जीएसटीत काय बदललं?

हा बदल बजेटमधला नाही, जीएसटी कौन्सिलचा आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा. सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. पण ज्या सरकारी कामात ७५ टक्क्यांहून जास्त मातीकाम आहे, जसं तलावाचं खोलीकरण किंवा चारी खोदणं, त्यावरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. ज्यांनी जुन्या दरानं टेंडर भरलं त्यांच्या नफ्यातून हे ६ टक्के जायची भीती आहे, म्हणून कार्यालयाकडे वाढीव जीएसटीची लेखी मागणी करा. काम त्या तारखेआधी झालं आणि बिलही आधीच काढलं असेल तर जुना दर. काम आधीचं, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे, तर नवा दर.

केळीच्या तीन ट्रक आहेत. माझं गणित कसं?

तुमच्यासाठी कलम ४४ एई. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नावावर नसाव्यात. १२ टनांवरच्या गाडीला पासिंग वजनाच्या दर टनामागे महिन्याला १,००० रुपये, त्याहून लहान गाडीला महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं. २८ टनी गाडीचे वर्षाला ३ लाख ३६ हजार होतात, तिन्हींचे १० लाख ८ हजार. दुसरं काही उत्पन्न नसेल तर कर शून्य. गाडी दोन महिने गॅरेजला उभी असली तरी तेवढे महिने मोजले जातात. भाडं देणाऱ्या व्यापाऱ्याला पॅनसह लेखी द्या की दहापर्यंतच गाड्या आहेत, मग तो टीडीएस कापणार नाही.

जेसीबी मालवाहू गाडीत मोडत नाही, तिला ४४ एडी.

धुळ्यात घरून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. मी मक्तेदार का?

कायद्याच्या भाषेत व्यावसायिक. कलम ४४ एडीए खाली जमा रकमेच्या किमान ५० टक्के नफा धरायचा. मर्यादा ५० लाख, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. २२ लाख आले तर ११ लाख नफा, कर शून्य. कंपनीनं १० टक्क्यांनी २ लाख २० हजार कापले असतील तर ते पूर्ण परत.

कारखानदार सहा-सहा महिने पैसे देत नाही. काही उपाय?

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास कलम ४३बी(एच) प्रमाणे कारखानदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्चमध्ये त्याच्या अकाउंटंटला उद्यम प्रमाणपत्राची प्रत मेल करा. फॅब्रिकेशन आणि मेंटेनन्सवाल्यांची थकलेली बिलं त्यानं हलताना मी पाहिली आहेत. उशिराच्या रकमेवर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, त्यासाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. पूर्ण बांधकामाच्या मक्त्याला हा कायदा लागतो का, यावर कोर्टांत वेगवेगळी मतं आली आहेत, तिथे वकिलाला विचारूनच पुढे जा.

सरकारी खातं इन्कम टॅक्स भरत नाही, म्हणून हा चिमटा त्याला बसत नाही. सरकारी बिलं अडकलेल्या मक्तेदाराची सोडवणूक बजेटनं केलेली नाही. मजुरांना आखाजीला घरी जाताना पैसे द्यायचेच असतात, बिल निघो वा न निघो. ते व्याजानं आणावे लागतात, याची दखल घेतली जावी असं मला फार वाटतं.

मागची दोन-तीन रिटर्न राहून गेली. आता भरता येतील का?

२०२५ च्या बजेटनं अपडेटेड रिटर्नची (नेहमीची मुदत गेल्यावर भरायच्या रिटर्नची) मुदत २४ वरून ४८ महिने केली. पहिल्या वर्षात करावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. पण त्यातून रिफंड मागता येत नाही. कर राहिला असेल त्यानं जरूर भरावं. ज्याचे पैसे परत यायचे होते, त्याच्या कामाचं ते नाही.

तारखा कोणत्या?

ऑडिट नसलेल्या धंदेवाल्यांना २०२६ च्या बजेटनं ३१ ऑगस्टपर्यंत मुदत दिली. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत लेट फी देऊन भरता येतं, रिफंडही मिळतो. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर ४४ एडीवाल्यांनी तो एकदाच, १५ मार्चपर्यंत, ॲडव्हान्स भरायचा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला. आमचं ४४ एडी गेलं का?

नंबर गेला, सवलत आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी इन्कम टॅक्स कायदा २०२५ आला. ४४ एडी, एडीए आणि एई आता कलम ५८ मध्ये एकत्र आहेत, टीडीएस कलम ३९३ मध्ये. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचं रिटर्न जुन्या कलमांनीच भरायचं. वर्क ऑर्डरवर नवा नंबर दिसला तर बिचकू नका.

हे सगळं भरलं, तरी प्रोफेशनल टॅक्सची नोटीस आली. ती खरी का?

बहुधा खरीच. तो राज्याचा कर आहे, स्वतःचा धंदा करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये. इन्कम टॅक्स शून्य असला तरी लागतो. पीटीईसी (प्रोफेशनल टॅक्सच्या नोंदणीचा) नंबर काढा आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत ऑनलाइन भरा. टेंडरच्या कागदपत्रांतही त्याची पावती मागतात, तेव्हा ती जीएसटीच्या फायलीतच लावून ठेवा.